न पाहिलेल्या चित्रपटांचा कैवार

मराठी चित्रपटाविषयीं आपल्या सुशिक्षित घरांतून एक मत इतक्या निश्चिंतपणें बोललें जातें कीं, त्याला पुरावा मागणें हाच आतां उद्धटपणा ठरूं लागला आहे. तें मत असें : फाळके आणि 'प्रभात' यांच्या पुण्याईवर मराठी चित्रपट कांहीं काळ वैभवांत राहिला, 1953 सालचा 'श्यामची आई' हा त्या वैभवाचा शेवटचा दिवा, पुढें तमाशा आणि द्व्यर्थी विनोद यांच्या चिखलांत तो रुतला, आणि 2004 सालीं 'श्वास' आला तेव्हां कोठें त्याला पुन्हा श्वास घेतां आला. मधलीं पन्नास वर्षें म्हणजे निव्वळ काळोख.

मागें एकदां रामनवमीच्या सुमारास आम्ही पोहरादेवीला निघालों होतों. बरोबर एक स्नेही होते. व्यवसायानें प्राध्यापक, घरीं चार कपाटें ग्रंथ, आणि नाटकाचें वेड पिढीजात. मोटार मानोरा सोडून पुढें निघाली तोंच त्यांनीं हेंच मत मोठ्या अधिकारवाणीनें ऐकविलें. आम्हीं विचारलें, "1971 ते 1980 या दहा वर्षांतले कोणकोणते मराठी चित्रपट आपण पाहिले आहेत ?" थोडा वेळ विचार करून ते म्हणाले, "पिंजरा. लहानपणीं सोंगाड्या. आणि हो, दूरदर्शनवर अर्धा सामना." अडीच चित्रपटांच्या बळावर एका अख्ख्या दशकाला देहान्त शासन सुनावणारे हे आमचे स्नेही दुष्ट नाहींत कीं अडाणी नाहींत, ते तुमच्या-आमच्यासारखेच आहेत. म्हणूनच हा लेख लिहिणें प्राप्त झालें.

आमचें म्हणणें सरळ आहे. त्या दशकांत मराठींत कांहीं चित्रपट असे निघाले कीं, ज्यांच्या शेजारीं उभें राहतांना आजच्या कोणत्याहि चांगल्या चित्रपटानें आपली उंची पुन्हा एकदां मोजून पाहावी. ते विस्मृतींत गेले, आणि तें पाप जत्रेंतल्या प्रेक्षकाचें नसून आमच्या वर्गाचें आहे. ज्यांच्यासाठीं ते काढले होते त्यांतल्या बहुतेकांनीं ते पाहिले नाहींत; ज्यांनीं पाहिले त्यांनीं ते पुढच्या पिढीच्या हातीं दिले नाहींत.

हें पाप किती मोठें आहे याची जाणीव आम्हांला पोहरादेवीलाच झाली. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यांतलें हें लहानसें गांव. संत सेवालाल महाराजांची समाधि आणि जगदंबेचें देऊळ येथें असल्यामुळें देशभरांतला बंजारा समाज या स्थानाला आपली काशी मानतो, आणि रामनवमीला येथें दूरदूरच्या प्रांतांतून माणसांचा पूर लोटतो. एके काळीं मीठ आणि धान्य बैलांच्या पाठीवर लादून सारा देश तुडविणारा हा समाज. आगगाडीनें त्याचा धंदा बुडविला. इंग्रजी अमलांतल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें ठिकठिकाणीं त्याच्या कपाळीं डाग लावला. त्याच्या गोरबोलीला स्वतःची लिपि नाहीं. तरीहि 1806 सालीं देह ठेवलेल्या सेवालाल महाराजांचें चरित्र, त्यांचे बोल आणि होळीच्या लेंगी गीतांचा ठेवा पिढ्यान्पिढ्या तोंडोतोंडीं चालत आला आहे. 5 ऑक्टोबर 2024 रोजीं येथें बंजारा विरासत संग्रहालयाचें उद्घाटन झालें हें योग्यच झालें; परंतु तें होण्यापूर्वीं दोनशें वर्षें हा वारसा कोणत्याहि कपाटांत नव्हता, तो कंठांत होता.

आणि आम्ही ? आमच्याजवळ लिपि आहे, छापखाना आहे, कॅमेरा आहे, 1964 सालीं पुण्यांत स्थापन झालेलें राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, वृत्तपत्रें आहेत, विद्यापीठें आहेत. एवढीं साधनें हाताशीं असतांना पन्नास वर्षांपूर्वींच्या आठ-दहा चित्रपटांची साधी ओळख आम्हांला आमच्या मुलांपर्यंत पोंचवितां आली नाहीं. निरक्षर म्हणून ज्यांच्याकडे आम्हीं पाहिलें त्यांनीं सारें सांभाळलें, साक्षरांनीं हरवलें.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप नेहमींचा : "लोकांनाच हीन अभिरुचीचें हवें होतें, दादा कोंडक्यांच्या लाटेपुढें चांगला चित्रपट टिकणार कसा?" हा युक्तिवाद ऐकायला सोपा आहे, कारण त्यांत दोष नेहमीं दुसऱ्याचा असतो. 1971 या एकाच वर्षीं 'सोंगाड्या'हि गाजला आणि सत्यदेव दुबे यांनीं दिग्दर्शिलेला 'शांतता ! कोर्ट चालू आहे'हि तयार झाला. दादा कोंडक्यांच्या प्रेक्षकानें आपलें कर्तव्य केलें : त्यानें तिकीट काढलें, पोटभर हंसला, आणि आपल्या आवडत्या नटाला वर्षानुवर्षें पोसलें. 'शांतता'च्या प्रेक्षकानें काय केलें ? तेंडुलकरांच्या मूळ नाटकावर त्यानें परिसंवाद भरविले, लेख लिहिले. परंतु सुलभा देशपांडे यांची बेणारे बाई कॅमेऱ्याच्या डोळ्यासमोर, इतक्या जवळून, कशी उभी राहते हें पाहण्यासाठीं तो घराबाहेर पडला नाहीं. पुढें ज्यांनीं भारतीय चित्रपटांत आपापलें स्थान मिळविलें त्या गोविंद निहलानींचें छायाचित्रण आणि अमरीश पुरी, अमोल पालेकर यांचीं आरंभींचीं कामें याच चित्रपटांत आहेत. चित्रपटावर नाटकाची छाया दाट आहे हें आम्हांला मान्य आहे; कांहीं प्रसंग रंगमंचावरून उतरायला तयारच नाहींत. पण तो न पाहतां हें म्हणण्याचा अधिकार कोणाला ?

याहून विलक्षण प्रकार 'घाशीराम कोतवाल'चा. डिसेंबर 1972 मध्यें हें नाटक पुण्यास रंगभूमीवर आलें तेव्हां उठलेलें वादळ आजहि आमच्या वाङ्मयेतिहासांत पानेंच्या पानें व्यापून आहे. तें नाटक इतिहासाचा विपर्यास करतें कीं सत्तेचें खरें रूप दाखवितें, यावर घराघरांत भांडणें झालीं. 1976 सालीं पुण्याच्या चित्रपट-शिक्षणसंस्थेंतून बाहेर पडलेल्या तरुणांनीं 'युक्त' नांवाची सहकारी संस्था काढून, बँकेचें कर्ज घेऊन, त्याच विषयावर चित्रपट केला. दिग्दर्शकांत मणी कौल, के. हरिहरन्, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप. पटकथा स्वतः तेंडुलकरांची. नाना फडणविसांच्या भूमिकेंत मोहन आगाशे. आणि घाशीरामाच्या भूमिकेंत प्रथमच पडद्यावर येणारे ओम पुरी. हें नाटकाचें चित्रण नव्हे. नाटकानें जें गाण्याबजावण्यांतून साधलें तें येथें लांबलचक, स्तब्ध दृश्यांतून साधण्याचा प्रयत्न आहे. भांडणाऱ्यांपैकीं किती जणांनीं तो पाहिला ? या चित्रपटाची प्रत जर्मनींत बर्लिनच्या 'आर्सेनल' संस्थेनें जपली, आणि पुढें तिचें डिजिटल पुनरुज्जीवनहि त्याच संस्थेनें केलें. पेशवाईच्या पुण्याची गोष्ट, पुण्याच्याच मुलांनीं सांगितलेली, आणि तिची राखण बर्लिनला ! अभिमानाच्या गोष्टींवर भांडायला आम्हांला वेळ असतो; त्या सांभाळायला नसतो.

दुसरा आक्षेप असा कीं, हे चित्रपट रुक्ष, उदास आणि उपदेशी आहेत. दिवसभर काम करून आलेल्या माणसाला तें ओझें कशाला? या आक्षेपाला आम्ही 'जैत रे जैत'चें उत्तर देतों. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवर जब्बार पटेल यांनीं 1977 सालीं केलेला हा चित्रपट. त्यांतलीं ना. धों. महानोरांचीं गाणीं, हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींसह, आजहि आमच्या दिवाणखान्यांतून वाजतात. कोजागिरीच्या कार्यक्रमांतून सुस्वर गृहिणी तीं म्हणतात. पण तीं कोण म्हणतो, कोठें, आणि कां, हें विचारा. ढोल वाजविणारा ठाकर तरुण नाग्या; ज्या राणीमाशीनें त्याचा डोळा घेतला तिचें पोळें लिंगोबाच्या डोंगरावरून उतरविण्याची त्याची जिद्द; आणि नवऱ्याला सोडून आलेली, आपलें मन उघडपणें बोलणारी चिंधी. स्मिता पाटील यांनीं ती भूमिका अशी केली आहे कीं, चिंधी डोंगराच्याच मातीची वाटते. जय मिळतो तेव्हां त्याची किंमत काय पडते हें शेवटच्या प्रसंगांत कळतें, आणि मग तीं गाणीं पूर्वींसारखीं ऐकूं येत नाहींत. आम्हीं काय केलें ? गाणीं उचललीं, माणसें डोंगरावर सोडून दिलीं. मधाचें पोळें घ्यावें आणि मोहोळाचा डोंगर विसरावा, तसें.

येथें एक कबुली देणें प्रामाणिकपणाचें होईल. 'जैत रे जैत' हा ठाकरांचा चित्रपट असला तरी तो ठाकरांनीं केलेला नाहीं. शहरी कलावंतांनीं, आदरानें आणि अभ्यासानें, पण बाहेरून केलेला आहे. पोहरादेवीच्या गर्दींत उभें राहिलें असतां हा भेद चटकन् ध्यानांत येतो. ज्या चित्रपटांचा आम्ही कैवार घेत आहों त्यांत तांडा नाहीं. 1963 पासून 1975 पर्यंत राज्याचें मुख्यमंत्रिपद भूषविलेले वसंतराव नाईक याच समाजांतले, जवळच्याच पुसद तालुक्यांतल्या गहुलीचे. तरीहि त्या काळच्या नव्या दृष्टीच्या चित्रपटानें तांड्याची वाट धरली नाहीं. ही वाट मोकळी राहिली तेव्हां तिच्यावरून कोण गेलें ? 1991 सालचा हिंदी 'बंजारन' पाहा. आरशांचा घागरा, नाच आणि जन्मजन्मांतरीची प्रीति एवढ्यांत एक अख्खा समाज आटोपतो. विदर्भ-मराठवाड्यांतल्या तांड्यांवरून ऊसतोडीला निघणारीं बिऱ्हाडें त्यांत कोठून दिसणार ? प्रामाणिक चित्रपटाला आश्रय न देणें म्हणजे केवळ एक चित्रपट गमावणें नव्हे. त्याच्या पाठीमागून जे आणखी प्रामाणिक चित्रपट आले असते त्यांचीहि वाट बंद करणें होय.

विदर्भाचा विषय निघालाच आहे तर 'देवकीनंदन गोपाळा'ची आठवण करून देणें भाग आहे. शेंडगांवच्या परटाच्या घरीं जन्मलेले, हातांत खराटा घेऊन गांव झाडणारे, जत्रेंत पशुबळीविरुद्ध आणि व्यसनाविरुद्ध कीर्तन करणारे गाडगे महाराज 1956 सालीं गेले. राजदत्त यांनीं 1977 सालीं त्यांच्यावर चित्रपट केला आणि भूमिका दिली श्रीराम लागूंना. जो नट जाहीरपणें देव नाकारीत असे त्यानें संताची भूमिका करावी हा कांहींना विरोधाभास वाटेल. आम्हांला त्यांत औचित्य दिसतें, कारण गाडगे महाराज स्वतःच देवळांतल्या देवापेक्षां देवळाबाहेरच्या भुकेल्याकडे आधीं पाहत. संतपट म्हटला कीं चमत्कार, असें समीकरण ज्यांच्या मनांत आहे त्यांनीं हा चित्रपट मुलांना घेऊन अवश्य पाहावा.

अंधश्रद्धेवरचा त्या दशकाचा दुसरा साक्षीदार म्हणजे रामदास फुटाणे यांनीं दिग्दर्शिलेला 1978 चा 'सर्वसाक्षी'. खेड्यांत आलेला ध्येयवादी शिक्षक, त्याची पत्नी (पुन्हा स्मिता पाटील), आणि भोंवतालीं दाटलेला भगताचा काळोख. येथें शिकलेल्या माणसाच्या घरांतच भीति कशी शिरते हें दाखविलें आहे, आणि म्हणूनच तो आमच्या वर्गाला झोंबणारा आहे. मराठवाड्यांतल्या मानवत येथें 1972 पासून घडलेल्या नरबळींच्या भीषण प्रकरणानें तेव्हां सारा महाराष्ट्र हादरला होता. त्याच प्रकरणावरून अमोल पालेकर यांनीं तेंडुलकरांच्या पटकथेवर 'आक्रीत' केला, पण तो 1981 चा, म्हणजे आमच्या दशकाच्या उंबरठ्यापलीकडचा. जादूटोण्याविरुद्धचा कायदा महाराष्ट्रांत 2013 सालीं झाला. चित्रपट तीन दशकांहून अधिक काळ आधीं बोलत होता. ऐकणारे आम्ही मात्र चित्रगृहांत नव्हतों.

तिसरा आक्षेप कसबाचा : "विषय चांगले असतील, पण तंत्र गरीब." पैसा थोडा होता हें खरें. परंतु गरिबी आणि गबाळेपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नचिकेत आणि जयू पटवर्धन या वास्तुविशारद दांपत्यानें 1979 सालीं केलेला '22 जून 1897' पाहावा. प्लेगचें पुणें, घरांत शिरणारे सोजीर, आणि गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर झाडलेली गोळी. वाडे, वस्त्रें, दिव्यांचा उजेड यांत कोठेंहि खोटा थाट नाहीं. त्याहून महत्त्वाचें म्हणजे चाफेकर बंधूंना त्यांनीं देव्हाऱ्यांत बसविलेलें नाहीं. त्यांचें धैर्य आणि त्यांचा कर्मठपणा हीं दोन्ही एकाच माणसांत नांदत होतीं हें शांतपणें दाखविलें आहे. आज ऐतिहासिक चित्रपटांत प्रत्येक वाक्यागणिक शंखनाद होतो. त्या गोंगाटाला कंटाळलेल्या वाचकाला हा चित्रपट म्हणजे मोठाच विसांवा वाटेल.

'सामना' आणि 'सिंहासन' यांविषयीं आम्ही थोडक्यांत लिहितों, कारण त्यांचीं नांवें तरी लोकांना ठाऊक आहेत. 1975 सालीं 'सामना' बर्लिनच्या महोत्सवांत स्पर्धेसाठीं गेला. साखर कारखान्याचा धनी हिंदुराव आणि दारूनें खचलेला मास्तर, निळू फुले आणि श्रीराम लागू, यांची ती जुगलबंदी. बेपत्ता झालेल्या एका सामान्य माणसाविषयीं मास्तर जो एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो तो आज म्हणीसारखा वापरला जातो. पण प्रश्न वापरणारांपैकीं पुष्कळांनीं आमच्या स्नेह्यांप्रमाणें चित्रपट अर्धाच पाहिलेला असतो. अरुण साधू यांच्या कादंबऱ्यांवरचा 1979 चा 'सिंहासन' तर दर निवडणुकीनंतर आठवतो, आणि चार दिवसांनीं पुन्हा विसरला जातो.

आतां शेवटचा आक्षेप, आणि तोच खरा वजनदार : "पाहावे कोठें ?" यांतले कांहीं चित्रपट आज इंटरनेटवर सांपडतात; चित्र फिकट, आवाज चिरका, पण सांपडतात. इतरांसाठीं चित्रपट-मंडळांच्या आणि महोत्सवांच्या खेळांवर डोळा ठेवावा लागतो. ही अडचण खरी आहे; परंतु ती आकाशांतून पडलेली नाहीं. मागणी नाहीं तेथें प्रत निघत नाहीं, आणि प्रत निघत नाहीं तेथें रीळ कुजतें. 8 जानेवारी 2003 रोजीं पुण्याच्या चित्रपट-शिक्षणसंस्थेच्या आवारांत जुन्या नायट्रेट रिळांच्या कोठाराला आग लागली आणि मूक व बोलपटांच्या आरंभकाळचा मोठा ठेवा जळून गेला. त्या दिवशीं किती घरांतून हळहळ व्यक्त झाली ? एखादें ग्रंथालय जळालें असतें तर आम्हीं शोकसभा घेतल्या असत्या. चित्रपट हा आमच्या लेखीं अजून वाङ्मय नाहीं. तो सुटीच्या दुपारचा फराळ आहे. दुखणें मुळांत हें आहे, आणि वरचे सारे आक्षेप त्याचीं लक्षणें आहेत.

एके काळीं महाराष्ट्रांतल्या जत्रांतून तंबूंतलीं चित्रगृहें फिरत. त्या तंबूंचा मावळता काळ शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनीं 2016 च्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या अनुबोधपटांत टिपून ठेवला आहे. तंबू गेले, पण जत्रा राहिल्या आणि माणसें राहिलीं. पोहरादेवीसारख्या ठिकाणीं, जेथें आतां वारसा जपण्यासाठीं वास्तु उभी आहे, तेथें रामनवमीच्या एखाद्या रात्रीं 'देवकीनंदन गोपाळा' किंवा 'जैत रे जैत' दाखविण्यास काय हरकत आहे ? लोक पाहणार नाहींत असें म्हणणाऱ्यांना आमचें उत्तर एवढेंच कीं, लोकांना अद्याप कोणी विचारलेलेंच नाहीं. आणि हे चित्रपट पाहून कोणा तांड्यावरच्या मुलीला आपला चित्रपट आपण करावा असें वाटलें, तर आमच्या सगळ्या लेखांपेक्षां तें मोठें काम होईल.

आमची वाचकांजवळची मागणी मात्र याहून लहान आहे. महिन्यांतून एक संध्याकाळ द्या. वर नांवें दिलेले आठ चित्रपट आहेत. जे मिळतील ते घरांतल्या सर्वांनीं एकत्र बसून, मध्यें न उठतां, पाहा. आजी-आजोबांना विचारा, त्या वर्षीं तुम्हीं कां पाहिला नाहीं. मुलांना विचारा, तुम्हांला काय वाटलें. एखादा चित्रपट न आवडल्यास तसें स्पष्ट म्हणा. प्रतिकूल टीकेनेंहि चित्रपट जिवंत राहतो, मौनानें मात्र मरतो.

परतीच्या वाटेवर आमच्या स्नेह्यांनीं खिशांतून वही काढून नांवें उतरून घेतलीं. "पण पाहून सुद्धां माझें मत बदललें नाहीं तर ?" त्यांनीं विचारलें. आम्ही म्हणालों, "खुशाल बदलूं नका. फक्त आतां तें मत तुमचें स्वतःचें असेल. आजवर तें नुसतें ऐकीव होतें."